जागा परत द्यायची आहे, हे धरून चला: रिकाम्या जागेचा तात्पुरता सामुदायिक वापर कसा सुरू करावा

मालकाला फोन लावण्याआधी आणि कुदळ-फावडं हातात घेण्याआधी एका कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: ‘आम्ही ही जागा अमुक तारखेला रिकामी करून देऊ.’ तारीख माहीत नसेल तर तेवढी जागा कोरी ठेवा, पण वाक्य लिहा. नवख्या मंडळींना हे उलटं वाटतं. अजून आत पाऊल टाकलेलं नाही आणि बाहेर पडायचं कसलं ठरवताय? पण या कामाचं सगळं गणित त्या वाक्यावर उभं असतं. मालक होकार देतो तो त्याच्या भरवशावर. झाडं जमिनीत लावायची की खोक्यांत, हेही त्यावरूनच ठरतं. आणि शेवटी भांडणं होतात तेव्हा बहुतेकदा असं दिसतं की ते वाक्य कुणी लिहिलंच नव्हतं.

तात्पुरता सामुदायिक वापर म्हणजे काय, तर एखादा भूखंड, बंद शाळा, ओस पडलेलं दुकान किंवा गोदाम पुढच्या कायमच्या कामाची वाट पाहत पडून असतं, त्या मधल्या काळात आसपासच्या लोकांनी मालकाच्या संमतीने ते वापरणं. बाग, वाचनालय, सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप, तालमीची जागा, मुलांचं मैदान, काहीही चालतं. संमती न घेता ताबा घेण्याचाही मोठा इतिहास आहे, पण तो वेगळा रस्ता आहे आणि त्याचे धोकेही वेगळे आहेत. इथे सगळं संमती धरूनच सांगितलं आहे.

पहिली पायरी: जागा रिकामी का पडली आहे ते शोधा

कुलपं सगळी सारखीच दिसतात. पण जागा का पडून आहे यावर तुम्हाला किती दिवस मिळतील हे ठरतं. बांधकामाच्या मंजुरीची वाट पाहणारी जागा वर्ष-दोन वर्षं मोकळी राहू शकते, मात्र मंजुरी आली की काही आठवड्यांत यंत्रं दारात उभी राहतात. गिऱ्हाईक न मिळालेलं दुकान उद्या भाड्याने जाईल किंवा पाच वर्षं तसंच राहील, काही सांगता येत नाही. वारसांच्या वादातली जागा सगळ्यात फसवी. ती वर्षानुवर्षं पडून असते, म्हणून सहज मिळेल असं वाटतं. मग एक भाऊ किल्ली देतो, दुसरा तक्रार करतो आणि तुम्ही दोघांच्या मध्ये सापडता. जिच्यावर न्यायालयात वाद चालू आहे अशा जागेच्या नादी नवख्या गटाने लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालक कोण हे जमिनीच्या सरकारी नोंदींतून काढा. शेजारी सांगतात ते नाव कधी कधी मागच्या पिढीतलं निघतं. मोठ्या जागा बहुधा नगरपालिका, रेल्वे, धार्मिक संस्था, बँक किंवा बांधकाम कंपनीच्या असतात. तिथे ‘मालक’ नावाचा एक माणूस नसतोच. सही करण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याच्यापर्यंत फाइल नेणारा कोण आहे, या दोन माणसांचा शोध घ्यावा लागतो. दुसरा माणूस जास्त महत्त्वाचा. त्याला तुमचं काम पटलं तर अर्धी लढाई जिंकलीच.

त्यानंतर ती जागा खरोखर रिकामी आहे का हे पाहा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री, अशा तीन वेगवेगळ्या वेळी जा. गवतात पडलेली पाऊलवाट म्हणजे तिथून रोज कोणीतरी जातं-येतं. भिंतीवर खडूने काढलेल्या तीन रेघा म्हणजे मुलांचे स्टंप. एखाद्या कोपऱ्यात कोणी झोपत असेल, कोणी हातगाडी लावत असेल. कागदोपत्री रिकामी असलेली जागा प्रत्यक्षात क्वचितच रिकामी असते. या लोकांना बाजूला सारून वर ‘सामुदायिक केंद्र’ अशी पाटी लावणं मला तरी लाजिरवाणं वाटतं. त्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. पाणी कुठे तुंबतं आणि रात्री तिथे कोण येतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

दुसरी पायरी: मालकाच्या जागी उभं राहून विचार करा

पडून राहिलेली इमारत मालकाला फुकट पडत नाही. राखणदार, विमा आणि कर हे खर्च चालूच असतात. तांब्याच्या तारा आणि नळ चोरीला जातात, कोणीतरी कचरा आणून टाकतं, आणि छताची गळती सहा महिन्यांनी, स्लॅबचं नुकसान झाल्यावर कळते. तुम्ही मालकाला देऊ शकता ते नेमकं इथेच आहे: माणसांची वर्दळ आणि लक्ष.

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात ही गोष्ट फार नेटकेपणाने वापरली गेली. १९९० नंतर तिथून माणसं पांगली आणि जुन्या देखण्या इमारती ओस पडल्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउसहाल्टन’ या संस्थेने ‘वेख्टरहाउस’, म्हणजे राखणदार घर, ही कल्पना पुढे आणली. कलावंत, संघटना आणि छोटे व्यावसायिक इमारत वापरतात, त्याबद्दल नेहमीचं भाडं न देता चालू खर्च उचलतात, आणि त्यांच्या असण्यानेच इमारत राखली जाते. गळती लागली तर ती त्याच दिवशी दिसते, कारण खाली कोणाचं तरी टेबल भिजतं.

मालकाची भीती एकच असते: हे लोक निघतील ना? ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मार्कस वेस्टबरी यांनी २००८ मध्ये ‘रिन्यू न्यूकॅसल’ सुरू केलं, तेव्हा मुख्य रस्त्यावरची दुकानं बंद होती आणि मालक कमी भाड्याने द्यायलाही तयार नव्हते. लांब मुदतीचा करार करून अडकण्यापेक्षा त्यांना कुलूप परवडत होतं. मग ३० दिवसांच्या सूचनेवर जागा परत, अशी सरकती परवानगी ठरली आणि दुकानं उघडू लागली. वापरणाऱ्याची सुरक्षितता इतकी कमी ठेवली म्हणून जागा मिळाली, असा हा उफराटा सौदा आहे. तो प्रत्येक कामाला सोसत नाही. चित्रांचं प्रदर्शन ३० दिवसांत हलतं, पाळणाघर हलत नाही. तुमचं काम किती दिवसांच्या सूचनेवर हलू शकतं, याचं उत्तर मालकाने विचारण्याआधी आपल्याशीच द्या.

तिसरी पायरी: एका पानाचा प्रस्ताव

एकच पान, दोन नकोत. तुम्ही कोण, जागेत काय करणार, आठवड्यात कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं असतील, जबाबदार व्यक्ती कोण आणि तिचा फोन, विमा कोण काढणार, आणि शेवटी ते वाक्य: जागा कधी आणि कशा अवस्थेत परत मिळेल. रंगीत चित्रं जोडू नका. हिरवीगार झाडं आणि हसणारी माणसं दाखवणारं चित्र पाहिलं की मालकाला वाटतं, ही मंडळी इथेच मुक्काम ठोकणार.

गट छोटा असला तरी सही करणारी एक नोंदणीकृत संस्था मागे असावी. तुमची स्वतःची नसेल तर आधीपासून चालू असलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली जा. एकट्या माणसाच्या नावावर करार करू नका. तो माणूस गाव सोडून गेला, आजारी पडला किंवा रुसला की जागाही गेली. पैशासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि त्यावर दोन सह्या लागतील असं करा. एवढं सांगून हा मुद्दा सोडतो. उरलेलं तुम्हाला सुचेलच.

चौथी पायरी: सही करण्याआधी जागा तपासा

इथे घाई करू नका. ही पायरी सगळ्यात रटाळ आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही.

जमीन असेल तर आधी तिचा भूतकाळ विचारा. तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता का, गॅरेज, बॅटरीचं काम, ड्राय क्लीनिंग, छपाई, मुलामा देण्याचा कारखाना? जुनं घर पाडलं असेल तर रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असू शकतं. शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. मातीचे नमुने चार-पाच ठिकाणांहून घेऊन प्रयोगशाळेत द्या. निकाल येईपर्यंत खणू नका आणि मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका. पालेभाज्या आणि कंदमुळं यांच्या बाबतीत धोका जास्त, कारण मातीचे कण त्यांना चिकटून थेट ताटात येतात. शंका असेल तर जमिनीवर जाड कापडी अस्तर अंथरून त्यावर फूटभर उंचीचे वाफे करा आणि माती बाहेरून आणा. वाफ्यांच्या कडेला रेल्वेचे जुने स्लीपर लावायचा मोह होतो, कारण ते स्वस्त आणि दणकट असतात. पण लाकूड टिकावं म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं, म्हणून ते टाळा. सामान वाहून नेण्याची लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यांवरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ (HT) म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालतात. ‘एमबी’ (MB) म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती बाजूला ठेवा.

प्रदूषित जमीन म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ॲमस्टरडॅममध्ये ‘डे क्यूवेल’ नावाची जागा आहे. जुना जहाज दुरुस्तीचा आवार, माती घाण, म्हणून नगरपालिकेने दहा वर्षांसाठी वापरायला दिलेली. तिथल्या मंडळींनी पाया खणलाच नाही. भंगारात निघालेल्या राहत्या होड्या ओढून जमिनीवर आणल्या, त्यांत कामाच्या खोल्या केल्या, चालायला लाकडी फळ्यांची उंच वाट बांधली आणि खालच्या मातीत ती स्वच्छ करणारी झाडं लावली. २०१४ मध्ये हे सगळं खुलं झालं. मातीला हात लावायचा नाही या अडचणीतूनच त्या जागेचं रूप घडलं. शिवाय होडी पुन्हा उचलून नेता येते.

इमारत असेल तर छत, जिना आणि वायरिंग या तीन गोष्टींसाठी जाणकार अभियंता आणि वीजतज्ज्ञ यांना पैसे देऊन बोलवा. ‘माझा मेहुणा बघतो हे सगळं’ यावर भागवू नका. सिमेंटचे जुने नालीदार पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू, असू शकतं, म्हणून ते भोकसू किंवा कापू नका. कबुतरांच्या विष्ठेचा थर कोरडा झाडला तर त्याची धूळ फुप्फुसात जाते. आधी ओला करा, मास्क लावा, मग काढा. कित्येक महिने बंद असलेल्या नळांत पाणी साचून लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. टाकी रिकामी करून धुवा, आणि सगळे नळ बराच वेळ सोडून ठेवल्याशिवाय ते पाणी वापरू नका. गच्चीवर बाग करण्याची फार हौस असते, म्हणून एक हिशोब सांगतो: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ओली माती त्याहून जड. अभियंत्याने कागदावर आकडा लिहून दिल्याशिवाय गच्चीवर काही चढवू नका.

आणि बाहेर पडायच्या वाटा मोजा. किमान दोन हव्यात, एकमेकींपासून लांब, आणि दोन्ही आतून किल्लीशिवाय उघडणाऱ्या. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात ‘घोस्ट शिप’ नावाने ओळखलं जाणारं गोदाम कलावंतांनी राहण्या-कामाची जागा म्हणून वापरात आणलं होतं, तशा वापराची परवानगी मात्र नव्हती. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री वरच्या मजल्यावर संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जण गेले. आत सामानाची दाटी होती आणि जिना कामचलाऊ होता. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना परवडणारी जागा हवी होती, तुम्हाला हवी आहे तशीच. म्हणून अग्निशमन दलाच्या माणसाला शत्रू समजू नका. परवाना मागायच्या आधीच त्याला जागा दाखवायला बोलवा. काय बदलावं लागेल आणि त्याला किती खर्च येईल हे तेव्हाच कळलं, तर जागा घ्यायची की सोडायची हेही तेव्हाच ठरवता येतं. सोडणं हाही एक चांगला निर्णय असतो.

पाचवी पायरी: करार

तोंडी शब्दावर सुरुवात करू नका, मालक तुमचा मामा असला तरी.

आधी एक फरक समजून घ्या. भाडेपट्टा म्हणजे ठराविक काळासाठी जागेवर हक्क मिळणं. परवाना, म्हणजे लायसन्स, याचा अर्थ फक्त वापरू देण्याची मुभा. ताबा मालकाचाच राहतो. तात्पुरत्या कामासाठी मालक जवळजवळ नेहमी परवाना देतो, आणि तुम्हीही तो मनापासून स्वीकारलेला बरा. प्रत्येक देशात, कधी प्रत्येक राज्यातही, या दोन्हींचे नियम वेगळे असतात, आणि कागदावर ‘परवाना’ असं लिहिलं म्हणून न्यायालय तो परवानाच मानेल याची खात्री नसते. तेव्हा स्थानिक वकिलाची एक तासाची फी हा वाया गेलेला खर्च समजू नका. जागेत कोणी राहायला लागलं की कायद्याचं चित्र पार बदलतं. पहिल्याच उपक्रमात कोणाला मुक्कामाला ठेवू नका, राखणदार म्हणूनसुद्धा.

करारात सुरुवातीची आणि शेवटची तारीख असतेच, पण नवख्यांचा कागद अडतो तो पुढच्या गोष्टींवर. मुदतीआधी जागा हवी झाली तर किती दिवस आधी कळवायचं? तीन महिने मागा, एकावर तडजोड होईल. पेरणी झाल्यावर सूचना आली तर पीक काढेपर्यंत थांबायचं का? वरवर क्षुल्लक वाटतं, पण बागेसाठी हे कलम सोन्याचं आहे. मालकाचे मोजणीदार आणि माती तपासणारे लोक मध्येच येतील, त्यांना किती तास आधी कळवून आत येता येईल? छत कोसळलं तर दुरुस्ती कोणाची? तुम्ही एका ठराविक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती घ्या, इमारतीच्या सांगाड्याची मालकाकडे ठेवा. मुदत वाढवायची असेल तर विचारायचं कधी? आणि तुम्ही केलेल्या सुधारणा, म्हणजे नवं वायरिंग, दुरुस्त केलेलं शौचालय, निघताना तिथेच राहणार की काढून न्यायच्या?

सही होते त्या दिवशी जागेचा पंचनामा करा. प्रत्येक भिंत, प्रत्येक तडा, फुटकी काच आणि मीटरचे आकडे यांचे फोटो तारखेसह काढा आणि दोन्ही बाजूंनी त्यावर सही करा. निघताना ‘हा तडा तुम्हीच पाडलात’ हा वाद मी इतक्यांदा ऐकला आहे की हे काम मी आता कोणावर सोपवत नाही, स्वतः करतो.

विम्याबद्दल थोडक्यात: येणाऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा तुमचा, इमारतीचा मालकाचा. इमारत वापरात आली हे मालकाने त्याच्या विमा कंपनीला लेखी कळवलं पाहिजे, नाहीतर ऐन वेळी ती हात वर करते.

सहावी पायरी: पाणी, वीज, शौचालय

कल्पना कितीही सुंदर असो, शौचालय नसेल तर लोक दीड तासात घरी जातात. त्यातही बायका आणि म्हातारी माणसं आधी जातात, आणि लहान मुलांना घेऊन आलेले पुन्हा येत नाहीत. जवळच्या वाचनालयाशी किंवा शाळेशी त्यांचं शौचालय वापरण्याचं बोलून ठेवा, नाहीतर फिरतं शौचालय भाड्याने आणा. खर्चाच्या यादीत हे सगळ्यात वर लिहा.

वीज शेजाऱ्याच्या घरातून वायर टाकून घेऊ नका. तात्पुरती जोडणी मिळते, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा. ती येईपर्यंत उजेड असेल तेवढ्याच वेळात कार्यक्रम घ्या. पाण्यासाठी शेजाऱ्याची मदत घेतली तर सबमीटर, म्हणजे तुमच्यापुरता वेगळा मीटर, बसवा आणि दर महिन्याला, न मागता, पैसे द्या.

सातवी पायरी: उचलून नेता येईल असंच बांधा

खिळ्याऐवजी नटबोल्ट, सिमेंटऐवजी वाळूची पोती, पायाऐवजी चाकं. आणखी एक नियम: दोन माणसांना उचलता येत नाही अशी कोणतीही वस्तू करू नका, आणि केलीच तर ती सुटी कशी करायची हे तिच्यावरच लिहून ठेवा.

बर्लिनच्या मोरित्सप्लात्स चौकाजवळ अनेक दशकं पडून असलेल्या भूखंडावर २००९ मध्ये ‘प्रिन्सेसिननगार्टन’ ही बाग सुरू झाली. सगळी झाडं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, पोत्यांत, रिकाम्या खोक्यांत. जमीन भाड्याची होती आणि कधीही जाईल हे माहीत होतं. दहा वर्षांनी, २०१९ च्या अखेरीस, गटाचा एक भाग सामानसुमान घेऊन नॉयकोल्न भागातल्या एका जुन्या दफनभूमीत गेला आणि तिथे बाग पुढे चालू राहिली. लंडनमध्ये किंग्स क्रॉसच्या बांधकामात तर राडारोडा वाहून नेणाऱ्या लोखंडी कुंड्यांतच बाग केली होती. बांधकाम पुढे सरकलं की क्रेन कुंड्या उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचं उदाहरण मला जास्त भावतं. २०१० आणि २०११ च्या भूकंपांनंतर तिथल्या मध्यवस्तीत नुसते मोकळे भूखंड उरले होते. ‘गॅप फिलर’ या गटाने त्यांपैकी एकेक घेऊन काही दिवसांसाठी काहीतरी करायला सुरुवात केली. २०१२ मध्ये त्यांनी नाणं टाकून चालणारं एक वॉशिंग मशिन उघड्यावर ठेवलं, त्याला स्पीकर जोडले आणि पुढे नाचायला फरशी टाकली. नाणं टाका, आपला फोन लावा, नाचा. त्याच वर्षअखेरीस ३,००० हून जास्त पॅलेट रचून त्यांनी एक मंडप उभा केला, तो २०१४ मध्ये उतरवला. पण लक्षात घ्या, त्यांनी सुरुवात मंडपाने केली नव्हती. आधी छोटं काहीतरी केलं. तुम्हीही पहिला प्रयोग एका दिवसाचा करा. खुर्च्या मांडा, गप्पा मारा, संध्याकाळी सगळं आवरा. त्यातून दहा गोष्टी कळतील, त्यातली एक तरी अशी असेल की तुमचा मूळ बेतच बदलेल.

आणि काहीच बांधायची गरज नाही, हाही विचार करून पाहा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पडीक भूखंडांवरचा कचरा काढून तिथे गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती आत यायला फटी ठेवलेलं बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि अधूनमधून गवत कापत राहिले. ५४१ भूखंडांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत, जिथे असं काम झालं त्या भूखंडांभोवती बंदुकीच्या हिंसाचाराच्या घटना २९ टक्क्यांनी घटल्या होत्या. ना मंच, ना रंगवलेल्या भिंती. कोणाचं तरी लक्ष आहे एवढं दिसलं.

आठवी पायरी: चालवताना

पहिल्या महिन्यात साठ माणसं येतात, चौथ्या महिन्यात सहा. हे नेहमीचं आहे, घाबरू नका. मात्र वेळापत्रक त्या सहांच्या ताकदीवर आखा. आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण ते दोन दिवस चुकवू नका. ठरलेल्या वेळी दोनदा कुलूप दिसलं की लोक पुन्हा येत नाहीत.

किल्ल्या कोणाकडे आहेत याची लेखी नोंद ठेवा. आवाज कधी बंद होणार हे शेजाऱ्यांना आधीच सांगा आणि तक्रारीसाठी एक फोन नंबर फाटकावर लावा. तो उचलला गेला पाहिजे. फाटकावरच्या त्याच पाटीवर, जागेच्या नावाखाली, शेवटची तारीखही लिहा. ‘ही बाग अमुक महिन्यापर्यंत इथे आहे.’ लोकांना वाईट वाटेल म्हणून ती लपवणारे गट मी पाहिले आहेत. मग निघायच्या वेळी मालक खलनायक ठरतो आणि त्या भागातला दुसरा कोणताही मालक पुन्हा कोणाला जागा देत नाही.

रोज किती माणसं आली, काय झालं, काय मोडलं हे एका वहीत लिहा. पुढची जागा मागायला जाल तेव्हा ही वही तुमच्याबद्दल बोलेल.

खर्चाचं म्हणाल तर पॅरिसमधल्या ‘ले ग्रां व्वाझँ’चा नमुना पाहण्यासारखा आहे. साँ व्हँसाँ द पोल हे जुनं रुग्णालय बंद झालं, आणि नव्या वस्तीचं बांधकाम सुरू होईपर्यंत, २०१५ ते २०२० या काळात, त्या ३.४ हेक्टर आवारात सुमारे ६०० गरजूंना निवारा मिळाला. त्याच आवारात छोट्या व्यवसायांना आणि कलावंतांना स्वस्तात खोल्या दिल्या होत्या आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पैशातून आवार चालवण्याच्या खर्चाला हातभार लागे. नवख्याने एवढा मोठा घास घेऊ नये, पण तत्त्व छोट्या जागेतही लागू पडतं: एक खोली पैसे देणाऱ्याला द्या, तीन खोल्या न देणाऱ्यांना.

एक अवघड गोष्टही इथेच सांगून टाकतो. तुमच्यामुळे जागा नावारूपाला आली की तिची किंमत वाढते आणि तो फायदा मालकाला जातो, तुम्हाला नाही. आसपासची भाडी वाढली तर ज्यांच्यासाठी हे केलं तेच दूर फेकले जातात. यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. पण मालक तुमच्या कामाचे फोटो विक्रीच्या जाहिरातीत वापरणार असेल तर त्याबद्दल काहीतरी मागा. वीजबिल मागा, पुढची जागा मागा, नव्या इमारतीत लोकांसाठी एक खोली मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

नववी पायरी: निघणं

कधी कधी लोकांचा जागेवर इतका जीव जडतो की ती सोडवत नाही, आणि क्वचित ते जिंकतातही. बर्लिनचा टेंपलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये त्याचं सुमारे ३०० हेक्टर मैदान लोकांना खुलं केलं, आणि कडेने घरं बांधायची योजना २०१४ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळली. न्यूयॉर्कमध्ये पडीक भूखंडांवर नागरिकांनी फुलवलेल्या बागा शहर प्रशासनाने १९९९ मध्ये लिलावात काढल्या, तेव्हा लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी ११४ भूखंड विकत घेऊन वाचवले. या गोष्टी ऐकायला छान वाटतात. पण त्या जमिनी सार्वजनिक होत्या आणि लढणारे हजारोंनी होते. खासगी मालकाने विश्वासाने दिलेल्या जागेवर असा लढा उभारायचा मनसुबा असेल तर तो सही करण्याआधी सांगा. आधी निघू म्हणायचं आणि नंतर ठिय्या द्यायचा, हे तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक गटाच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे.

शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी नवी जागा शोधायला लागा. दोन महिने आधी सामानाची यादी करा: काय सोबत न्यायचं, काय कोणाला द्यायचं, काय भंगारात जाणार. झाडांची पालकत्वं वाटून टाका. प्रत्येक कुंडीवर घेणाऱ्याचं नाव चिकटवा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ओढाताण होत नाही. निरोपाचा कार्यक्रम तारखेच्या आदल्या दिवशी ठेवू नका, दोन आठवडे आधी उरका. नंतरचे दिवस झाडलोट, भोकं बुजवणं आणि राडारोडा हलवणं यातच जातात, आणि त्या कामाला साठातले पाचच जण उरतात.

वीज आणि पाण्याची जोडणी बंद करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर पुढची दोन वर्षं तुमच्या नावाने बिलं येत राहतील. पहिल्या दिवशीचा पंचनामा बाहेर काढा आणि त्याच कोनांतून पुन्हा फोटो काढा. मग मालकाच्या माणसाबरोबर जागेतून एक फेरी मारा, मीटरचे आकडे दोघांच्या देखत लिहा, किल्ल्या मोजून द्या, आणि ‘जागा रिकामी, सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली त्याची सही घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका.